ब्रिस्बेनचा उन्हाळा: पारा, पाऊस आणि घरशोधणी

शुक्रवार

जानेवारीत गुलमोहर फुललेला बघायचा असेल तर ब्रिस्बेनला यावं. विमानतळापासून भाचीच्या घरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना लालभडक झाडं, अंगणांत पांढरा चाफा, कुंपणांवरून बाहेर लोंबणारे आंबे. देखावा सगळा आपल्या मे महिन्याचा, आणि मी मात्र घरून संक्रांतीचा तिळगूळ घेऊन निघाले होते. (तो विमानतळावर लिहून जाहीर करावा लागतो. डबा उघडून दाखवला, हुंगून बघितला, सोडला.)

ब्रिस्बेन आहे साडेसत्तावीस अंश दक्षिणेला. मकरवृत्त इथून बरंच उत्तरेला, रॉकहॅम्प्टनजवळून जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला उन्हाळा, आणि पावसाचे महिनेही तेच. हिवाळा बहुतेक कोरडा. येण्याआधी मी आकडे पाहून ठेवले होते. जानेवारीचं सरासरी कमाल तापमान तिशीच्या आसपास, किमान एकवीस. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे आमच्या कोल्हापूर शहराइतकाच. तीस अंश वाचून कोल्हापूरकर हसेल. पण गाडीतून उतरून बॅग दारापर्यंत नेईतो पाठ ओली झाली होती. तीस अंश खरे, पण दमटपणा मुंबईचा, आणि ऊन असं की कातडीला टोचतं. इथे उन्हाळ्यात अतिनील किरणांचा निर्देशांक अकराच्या वर जाणं ही रोजची गोष्ट. शाळेतल्या पोरांना टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत.

भाची आणि भाचजावई घर विकत घ्यायच्या खटपटीत आहेत. त्यामुळे माझ्या प्रवासाचा नकाशा पर्यटन खात्यानं नाही, घरांच्या जाहिरातींनी ठरवला. तक्रार नाही. या भागात हवामान समजून घ्यायला घर शोधणाऱ्याच्या मागे फिरण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

शनिवार

पहाटे पाचच्या आधी खिडकीत लख्ख उजेड. सिडनीत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड राज्यात करत नाहीत; 1992 साली सार्वमत घेऊन लोकांनी ते नाकारलं. त्यामुळे इथे माणसं पहाटे पाचला धावायला बाहेर पडतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. आठनंतर पळून दाखवावं कुणी.

घरं बघायची ती शनिवारी. प्रत्येक घर अर्धा तास उघडं, दारात एजंट, आत चपला काढून फिरणारी वीस-पंचवीस माणसं. सकाळचं पहिलं घर नदीजवळच्या ग्रेसव्हिलमध्ये, जुन्या पद्धतीचं: लाकडी खांबांवर पुरुषभर उंच उचललेलं, चारी बाजूंनी व्हरांडा, वर पन्हळी पत्रा, छत उंच, खोल्यांच्या दारांवर हवा खेळायला कोरीव जाळी. इथले लोक या घरांना क्वीन्सलँडर म्हणतात. एसी नव्हते तेव्हा बांधलेली घरं, आणि हवेची ये-जा त्यात पुरेपूर विचारात घेतलेली. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि मला ते घर तिथेच आवडलं.

भाचजावई मात्र खाली खांबांपाशी वाकून काहीतरी बघत होते. सहा-सात फुटांच्या उंचीवर लाकडाचा रंग एका सरळ रेषेत बदलला होता. खाली करडा, वर पांढरट. एजंटाला विचारलं तर म्हणाला, खालच्या मजल्यावर "थोडं पाणी" आलं होतं 2022 ला. भाचीनं तिथेच फोनवर महापालिकेचा पूर-अहवाल काढला. पत्ता टाकला की त्या प्लॉटवर कुठल्या पुरात किती पाणी येतं याचा कागद फुकट मिळतो. ही सोय आमच्या पंचगंगेकाठी असती तर काय झालं असतं, असा विचार आला. काही बिल्डरांची झोप उडाली असती, एवढं नक्की.

दुपारी फेरीबोटीनं शहरात गेलो. बस, रेल्वे, बोट, कशाचंही तिकीट 50 सेंट. नदी शहरातून इतकी वळणं घेत जाते की बोटीत बसल्यावर सूर्य एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. या नदीची पातळी शहरातल्या मापकावर मोजतात: 1.7 मीटरला किरकोळ पूर, 2.6 ला मध्यम, 3.5 ला मोठा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका ऐकत मोठी झालेली मी. साडेतीन मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटलं. पण इथला शून्य म्हणजे समुद्रसपाटी, आणि भरती-ओहोटी शहर ओलांडून आत येते. त्या हिशेबानं 1974 ला पाणी 5.45 मीटरवर गेलं, 2011 ला 4.46, 2022 ला 3.85. आणि 1893 ला 8.35.

2011 च्या पुरात न्यू फार्मजवळचा तरंगता पादचारी पूल तुटून नदीतून वाहत निघाला होता. त्याचा मोठा तुकडा खालच्या पुलांवर आदळू नये म्हणून एका छोट्या टगबोटीनं त्याला ढोसत-ढोसत समुद्राकडे नेलं. नवा पूल 2014 मध्ये झाला, तो पक्क्या खांबांवर. आम्ही त्यावरून चालत गेलो. नदी चहाच्या रंगाची आणि अगदी गरीब दिसत होती.

रविवार

आजचा दिवस भाचजावयांच्या हट्टाचा. "मावशी, आकडे वाचून नाही कळणार, गाडीतला थर्मामीटर बघत चला," म्हणाले. सकाळी मोरटन उपसागराच्या काठावर विनमला. तिथे भरतीच्या पाण्यानं भरणारा एक जुना उथळ तलाव आहे, पोरं त्यात डुंबत होती. खारफुटी, तळलेल्या माशांचा वास, दहाच्या सुमाराला ईशान्येकडून सुटलेला वारा. गाडीत 28.

उन्हाळ्यात हा वारा किनाऱ्याचं रक्षण करतो. जमीन तापली की समुद्रावरची हवा आत ओढली जाते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत दिवसाचं कमाल तापमान पुष्कळदा दुपारच्या आधीच होऊन जातं. नंतर पारा चढत नाही. आत मात्र हा वारा उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही.

तिथून पश्चिमेला इप्सविचकडे निघालो. शहराच्या मध्यातून जाताना 31. पुढे औद्योगिक वसाहती, काळ्या छपरांच्या नव्या वसाहती, झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 33. इप्सविचच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा 35. तासाभराचं अंतर आणि सात अंशांचा फरक! दर उन्हाळ्यात असंच असतं. इप्सविचकडचा भाग किनाऱ्यापेक्षा काही अंश तापतोच, आणि घरं तिकडेच स्वस्त. किनाऱ्यावरची हवा ज्यांना परवडते त्यांनी ती घेऊन टाकलेली आहे.

वाटेत गुडनाला दहा मिनिटं थांबलो. रस्त्याला घरं ओळीनं आणि मध्येमध्ये मोकळे हिरवे चौकोन, दात पडल्यासारखे. 2022 च्या पुरानंतर सरकारनं ज्यांची तयारी होती त्यांची पूरक्षेत्रातली घरं विकत घेऊन पाडली आणि ती जमीन कायमची मोकळी ठेवली. एका चौकोनात फक्त टपालपेटीचा खांब उरला होता. क्रमांक 14.

सोमवार

सकाळपासून हवा अशी जड की वर्तमानपत्र हातात मऊ पडत होतं. मागच्या अंगणात कोकीळ बेंबीच्या देठापासून ओरडत होता. हो, कोकीळच, आपल्या कोकिळाचा सख्खा भाऊबंद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून, न्यू गिनीकडून येतो, इथेही दुसऱ्याच्याच घरट्यात अंडी घालतो, आणि वादळी पावसाच्या दिवसांत ओरडतो म्हणून लोक त्याला वादळपक्षीच म्हणतात. आपण ज्याच्यावर भावगीतं लिहिली त्याच्या नावानं इथले लोक पहाटे तीनला शिव्या घालतात.

दुपारी दोनला 34. भाचजावई घरूनच काम करत होते, म्हणजे एका पडद्यावर काम आणि दुसऱ्यावर हवामान खात्याच्या माउंट स्टेपल्टन रडारचं चित्र. इथल्या सगळ्यांना हे व्यसन आहे. नैर्ऋत्येला डोंगरांकडे, बूनाच्या बाजूला, पिवळे ठिपके उमटले. अर्ध्या तासात त्यांचे लाल झाले आणि मध्ये एक काळा. "आलं," एवढंच म्हणाले आणि किल्ली घेऊन खाली पळाले. गल्लीत सगळ्या घरांतून माणसं बाहेर. ज्यांना गॅरेज आहे त्यांनी गाड्या आत घातल्या, ज्यांना नाही त्यांनी गोधड्या, गाद्या काढून काचांवर टाकल्या. समोरच्या आजींनी योगा मॅट बांधली. मला हसू आलं, पण 2014 च्या नोव्हेंबरात एका दुपारच्या गारपिटीनं या शहरात हजारो गाड्या आणि खिडक्या फुटल्या होत्या, हे कळल्यावर मी पण एक सतरंजी घेऊन खाली गेले.

नैर्ऋत्येचं आभाळ हिरवट झालं. खरोखर हिरवट, पाण्यानं आणि गारांनी भरलेल्या उंच ढगांखाली असा रंग येतो म्हणतात. वारा एकदम पडला, कोकीळ गप्प झाला, आणि मग दक्षिणेकडून गार झोत आला तो दारं आपटतच. पाच मिनिटं गारा, बोरांएवढ्या. मग पाऊस. पत्र्यावर तो असा कोसळत होता की भाची शेजारी उभी राहून बोलत होती तरी मला फक्त ओठ हलताना दिसत होते. गटारं भरून रस्त्यावरून पाणी वाहायला लागलं आणि वीसेक मिनिटांत सगळं संपलं. थर्मामीटर 22. पर्जन्यमापकात 31 मिलिमीटर. दोन उपनगरं सोडून राहणाऱ्या त्यांच्या मित्रानं फोन केला, "तुमच्याकडे काही झालं का? आमच्याकडे फक्त गडगडाट."

ब्रिस्बेनच्या उन्हाळ्याची मेख मला इथे कळली. हा आपला वळीव आहे. दुपारची तापलेली जमीन, समुद्रावरून आलेला ओलावा, डोंगरावर उठलेले ढग, गारा, वीज, एका शिवारात पूर आणि दुसऱ्यात धूळ. फरक इतकाच की आपल्याकडे वळवाच्या मागून मोसमी पाऊस येतो आणि सगळ्यांना सारखा भिजवतो. इथे मागून कुणी येत नाही. ऑस्ट्रेलियाचा मोसमी पाऊस डार्विन, केर्न्स या उत्तरेच्या पट्ट्यात राहतो. इतक्या दक्षिणेला सहसा उतरत नाही. मुंबईत एकट्या जुलैत आठशे-नऊशे मिलिमीटर पडतो आणि ते गृहीत असतं. इथे जानेवारी-फेब्रुवारीची सरासरी महिन्याला दीडशेच्या आसपास, पण ती सरासरी तेवढीच फसवी. एखाद्या फेब्रुवारीत पन्नासही होत नाही. आणि 2022 च्या फेब्रुवारीत तीन दिवसांत 677 मिलिमीटर.

मंगळवार

टुवूंबा. वाटेत लॉकियर खोरं, भाज्यांची मैलोन्मैल शेतं, नळीतून शिंपणारं पाणी. ग्रँथम नावाचं छोटं गाव लागतं. 10 जानेवारी 2011 ला दुपारी या गावात पाण्याची भिंत शिरली, माणसं छपरांवर चढली, सगळी वाचली नाहीत. त्यानंतर स्थानिक परिषदेनं शेजारच्या टेकडीवर जमीन घेतली आणि पूरक्षेत्रातला प्लॉट द्या, वरचा घ्या अशी अदलाबदल केली. पहिली घरं वर्षभराच्या आत उभी राहिली. टेकडीवर नव्या घरांची ओळ, खाली जुन्या गावात रेल्वेमार्ग आणि बरंचसं गवत. पुनर्वसन या शब्दाला आपल्याकडे जो काळवंडलेला रंग आहे तो मनात ठेवून मी तिथे उतरले होते. तिथल्या दुकानदारीणबाई वर राहतात. उतारावर भाज्या नीट येत नाहीत, ही त्यांची तक्रार. बाकी काही नाही.

मग घाट. टुवूंबा सुमारे सातशे मीटर उंचीवर, डोंगराच्या अगदी कडेवर. खाली 33 होते, वर 27. त्याच 10 जानेवारीला या डोंगरमाथ्यावरच्या शहरातही ओढे फुगून मुख्य रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. शहर ओलांडलं की पाणी समुद्राकडे पाठ करतं: इथले ओहोळ कोंडामाइनला, ती डार्लिंगला, ती मरेला मिळून थेट ॲडलेडच्या बाजूला समुद्र गाठते. महाबळेश्वरला उगवून बंगालच्या उपसागराला जाणाऱ्या कृष्णेची ही नातेवाईक म्हणायची.

पुढे डार्लिंग डाउन्सचं पठार. गाडी थांबवायला लावली, कारण रस्त्याच्या कडेला ज्वारी उभी होती. कमरेएवढी बुटकी, ताटं जाड, कणसं तांबूस. माती काळी, भेगाळलेली, चपलेला चिकटणारी. बेसॉल्टपासून झालेली, आपल्या देशावरच्यासारखी, आणि कापूसही इथे त्याच कारणानं होतो. समुद्रापासून जितकं आत यावं तितका पाऊस कमी. डॅल्बीला वर्षाला सहाशेच्या आसपास. एवढी ज्वारी पिकवून ही माणसं ती गुरांना घालतात. मी काही बोलले नाही.

बुधवार

परतीच्या वाटेवर काल अंधार पडला म्हणून आज विव्हेनहो धरण. पाहण्यासारखं फार नाही, पण आकडा बघा: पिण्याच्या पाण्याचा साठा साधारण 41 टीएमसी (आपलं कोयना 105), आणि त्याच्या वर पुरासाठी मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा, पिण्याच्या साठ्यापेक्षाही मोठी. म्हणून बातम्यांत "धरण 180 टक्के" असं ऐकलं तर घाबरायचं नाही. 1974 च्या पुरानंतर हे पूर्ण झालं आणि लोकांना वाटलं, आता पूर संपले. 2011 नं ते उतरवलं. 2022 ला तर बराच पाऊस धरणाच्या खालीच, शहरावर आणि त्याच्या ओढ्यांवर पडला. तिथे धरण काय करणार?

याच शहरात 2007 च्या ऑगस्टमध्ये सगळ्या मोठ्या धरणांत मिळून 17 टक्क्यांच्या आत पाणी होतं. माणशी रोज 140 लिटरचं उद्दिष्ट, आणि घरोघरी अंघोळीसाठी चार मिनिटांची वाळूची घड्याळं. भाचीच्या भाड्याच्या घरात न्हाणीघरात ते घड्याळ अजून चिकटलेलं आहे. प्रशांत महासागराच्या मधल्या पट्ट्यातलं पाणी नेहमीपेक्षा गार झालं (ला निना) की ओले उन्हाळे, तापलं (एल निनो) की कोरडे, असा ढोबळ हिशेब. 2010-11 आणि 2020 ते 2023 हे ला निनाचे दिवस.

गुरुवार

स्प्रिंगब्रुक. ब्रिस्बेनहून दक्षिणेला दीड तास, गोल्ड कोस्टच्या मागचं पठार, सुमारे 2 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला काठ. आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा आणि समुद्र पश्चिमेला. इथे वारा आग्नेयेचा आणि समुद्र पूर्वेला. डोंगराचं काम एकच. किनाऱ्यावर स्वच्छ ऊन होतं, घाट चढताना काचेवर बुरबुर, वर पोचलो तर समोरची गाडी दिसेना. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. इप्सविचपेक्षा तिपटीहून जास्त, आणि सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरही नाही.

हा सोमवारचा पाऊस नव्हे. टास्मन समुद्रावर उच्च दाब बसला की आग्नेयेचा ओला वारा दिवसेंदिवस डोंगरावर आदळत राहतो. ना वीज, ना गडगडाट, नुसती झड. तापमान 19. एका कड्याजवळ अंटार्क्टिक बीचची झाडं आहेत, शेवाळानं गुंडाळलेली, गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या काळातल्या जंगलाचे वारस. त्यांच्याखाली उभी राहिले आणि पाच मिनिटांत पायाला जळू. मीठ आणायचं राहिलं असेल म्हणून भाचीनं विचारलं; आंबोलीला जाणारी बाई मीठ विसरत नसते.

उत्तरेला, ब्रिस्बेनच्या पलीकडच्या डोंगरांत क्रोहमहर्स्ट नावाची जागा आहे. 3 फेब्रुवारी 1893 ला तिथे 24 तासांत 907 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि ऑस्ट्रेलियाचा तो विक्रम 1979 पर्यंत टिकला. त्याच महिन्यात खाली शहरात नदी 8.35 मीटरवर गेली, व्हिक्टोरिया पुलाचा काही भाग वाहून गेला. आपल्या मुंबईत सांताक्रूझचा 26 जुलै 2005 चा आकडा 944. उन्हाळ्यात अशी वेळ येते ती एखादं चक्रीवादळ किंवा त्याचा अवशेष उत्तरेचा ओलावा ओढून इतक्या खाली आला की. 1974 चा पूर आणणारं वांडा हे चक्रीवादळ, वादळ म्हणून अगदी दुबळं होतं. झाडंसुद्धा फारशी पाडली नसतील, पण मोसमी पट्टाच सोबत घेऊन आलं.

शुक्रवारी कपडे वाळले नाहीत. दुसरं सांगण्यासारखं काही नाही.

शनिवार

आज दुसरं घर. इप्सविचच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावर, दहा वर्षांचं, विटांचं. पुराचा कागद कोरा. छप्पर गडद करड्या रंगाचं, खिडक्यांवर सावलीची झापं नाहीत, व्हरांडा नावापुरता, आणि मोठी शयनगृहाची खिडकी थेट पश्चिमेला. अकरा वाजता त्या खोलीत भिंतीला हात लावला तर कोमट. एजंट म्हणाली, एसी सगळ्या खोल्यांत आहे. गाडीसाठी बाजूला पातळ प्लॅस्टिक पत्र्याची पडवी. त्यावर गारांची भोकं मोजून भाचजावई थकले.

ग्रेसव्हिलचं घर हवेशीर पण नदीचं, हे कोरडं पण भट्टीचं. विनमसारखं किनाऱ्यावरचं घर त्यांच्या कर्जात बसत नाही. दोघं गाडीत बसून बराच वेळ बोलले, मग भाची मागे वळून म्हणाली, "मावशी, तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, पाण्यापेक्षा ऊन परवडलं. ऊन संध्याकाळी जातं तरी.

रात्री त्यांनी या घरासाठी ऑफर लिहिली, मागितलेल्या किमतीपेक्षा थोडी खाली, आणि गारांनी फुटलेली पडवी बदलून द्यावी अशी अट घातली. उत्तर आलं तेव्हा मी कोल्हापुरात परतले होते: किंमत चालेल, पडवी बदलून मिळणार नाही. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचे पडदे पाठवशील का, असं भाचीनं विचारलं. पण तिथले विमानतळावरचे लोक वाळ्याची एक काडीसुद्धा आत येऊ देणार नाहीत. मग जुन्या घरांना असतात तशी खिडकीवर बाहेरून पत्र्याची झापं बसवा म्हटलं. भाचजावयांनी नियमावली काढून बघितली. त्या वसाहतीत दर्शनी बाजूला झापं चालत नाहीत, पण ती खिडकी मागच्या बाजूला आहे, तेव्हा जमेल.